खिशाला परवडणारा चेंडू ग्रीनवर काय करतो?

पाण्याचा होल आला की बॅगेचा खालचा कप्पा उघडतो. आधीचे होल ज्या कोऱ्या, महागड्या चेंडूने खेळून झाले तो हळूच खिशात जातो आणि तळाशी पडलेला, कडेला खरचटलेला, कुठल्याशा कंपनीचं बोधचिन्ह अर्धवट पुसलेला एक चेंडू टीवर चढतो. कॅडी हे रोज पाहत असतो, म्हणून काही बोलत नाही. चेंडू पाण्यात जातोच आणि मालक म्हणतो, "बरं झालं, जुनाच होता." येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स असो की चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, हौशी गोल्फरांची ही सवय सगळीकडे सारखीच.

यात नियमभंग काही नाही. एक होल संपवून दुसरा सुरू करताना चेंडू बदलायला सहाव्या नियमाची मुभा आहे; फक्त व्यावसायिक आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांत आयोजक 'एकच चेंडू' हा स्थानिक नियम लावू शकतात. अडचण वेगळी आहे. ज्या चेंडूने अंतराचा आणि उसळीचा अंदाज बसवला तो ऐन कठीण फटक्याला खिशात असतो, आणि जो टीवर आहे तो कसा वागेल याची कुणालाच कल्पना नसते. शिवाय 'हा गेला तरी चालेल' असं मनाशी ठरवून मारलेला फटका बहुधा तसाच जातो. हरवण्याच्या धास्तीने पाण्यापुढे जो चेंडू टीवर ठेववत नाही, तो त्या खेळाडूसाठी महागच म्हणायचा, मग तो सवलतीत मिळालेला का असेना.

म्हणून मधल्या किमतीच्या चेंडूंचा विचार करायचा. अमेरिकेत टायटलिस्टच्या प्रो व्ही १ चा डझन पंचावन्न डॉलरच्या आसपास जातो. तिथेच चाळीस डॉलरच्या आसपासच्या पट्ट्यात स्रिक्सनचा क्यू-स्टार टूर, टेलरमेडचा टूर रिस्पॉन्स, टायटलिस्टचाच टूर सॉफ्ट, कॅलवेचा ईआरसी सॉफ्ट अशी बरीच गर्दी आहे. भारतात आयात शुल्क आणि दुकानदाराची मर्जी यांनुसार आकडे हलतात, पण पायऱ्या त्याच राहतात: वरती व्यावसायिकांचे चेंडू, खाली ढिगाने मिळणारे दोन थरांचे, आणि मध्ये हा पट्टा.

हा मधला पट्टा तसा अलीकडचा. गेल्या शतकाच्या शेवटापर्यंत हौशी माणसापुढे मुख्यतः दोनच रस्ते होते. एक बलाटाचं मऊ आवरण आणि आत रबराच्या धाग्याची गुंडाळी असलेला चेंडू. तो ग्रीनवर आज्ञाधारक, पण चुकीच्या एका फटक्यात चिरला जायचा. दुसरा सर्लिन आवरणाचा टणक चेंडू, लांब जाणारा आणि वर्षभर टिकणारा, पण ग्रीनवर दगडासारखा घरंगळणारा. २००० साली हे चित्र पालटलं. मे महिन्यात टायगर वूड्सने नायकीचा भरीव गाभ्याचा टूर ॲक्युरसी हा चेंडू स्पर्धेत वापरायला घेतला आणि जूनमध्ये पेबल बीचवर यूएस ओपन पंधरा फटक्यांच्या फरकाने जिंकली. हा चेंडू नायकीसाठी ब्रिजस्टोनने बनवला होता. (टायरवरचं नाव ते हेच. स्रिक्सनही सुमितोमो रबर या जपानी टायरवाल्यांचाच. रबर ज्याला कळतं त्याला चेंडू कळतो, एवढं सरळ आहे ते.) त्याच ऑक्टोबरात लास व्हेगासच्या स्पर्धेत प्रो व्ही १ पहिल्यांदा आला आणि पहिल्याच आठवड्यात ४७ खेळाडूंनी तो उचलला. भरीव गाभा आणि वर युरेथेनचं पातळ आवरण अशी ती बांधणी होती. गुंडाळीचे चेंडू पाहता पाहता मागे पडले.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ही बांधणी इतरांच्याही हातात आली. २०१६ च्या शेवटी कॉस्टको या अमेरिकी घाऊक दुकानाने स्वतःच्या कर्कलंड नावाने चार थरांचा युरेथेन चेंडू विकायला ठेवला. दोन डझनाला तीस डॉलरही नाहीत. माल बघता बघता संपला आणि लोक तो इंटरनेटवर चढ्या भावाने विकू लागले. टायटलिस्टची मालक कंपनी अकुश्नेट आणि कॉस्टको यांचं प्रकरण २०१७ मध्ये कोर्टात गेलं, पुढच्या वर्षी समेटाने मिटलं. निकाल कुणाच्या बाजूने लागला असता हे बाजूला ठेवू. पण चांगला चेंडू महागच असायला हवा, हा समज मात्र त्यात कायमचा डळमळला.

आता चेंडूच्या पोटात शिरू. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, ही मर्यादा स्वस्त-महाग सगळ्यांना एकच. गाभा पॉलिब्युटाडाइन नावाच्या कृत्रिम रबराचा, हेही बहुतेक सगळीकडे सारखं. फरक पडतो तो थर किती आणि सगळ्यात वरचं आवरण कशाचं यात. वेज क्लब चेंडूला लागतो तेव्हा आवरण एका बाजूने क्लबच्या खाचांत आणि दुसऱ्या बाजूने आतल्या कडक थरावर दाबलं जातं, जणू चिमटीत सापडतं. युरेथेन मऊ आणि चिवट असल्याने या चिमटीत धरलं जातं, चेंडू मागे फिरू लागतो, म्हणजे त्याला बॅकस्पिन मिळतो. आयोनोमरचं आवरण (सर्लिन त्याच कुळातलं) टणक असल्याने क्लबवरून थोडं निसटतं. ड्रायव्हरने मारताना हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिथे आवरणापेक्षा गाभ्याचं राज्य असतं. क्लब आणि चेंडू यांची गाठ सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग टिकते, आणि तेवढ्यात गाभा दबून परत उसळतो.

दुकानात पहिली फसगत इथेच होते. डब्यावर 'टूर' हा शब्द दिसला की आत व्यावसायिकांसारखा चेंडू असणार असं वाटतं. टायटलिस्टच्या टूर सॉफ्टचं आवरण युरेथेनचं नाही, आयोनोमरच्या मिश्रणाचं आहे. त्याच किमतीच्या पट्ट्यातला टेलरमेडचा टूर रिस्पॉन्स मात्र युरेथेनचा आहे. कॅलवेच्या ईआरसी सॉफ्टला वेगवेगळ्या पदार्थांचं संकरित आवरण आहे. पैसे जवळपास तेवढेच, वस्तू तीन तऱ्हेच्या. नाव सोडून डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत, आणि युरेथेन हा शब्द आहे की नाही एवढंच पाहावं. युरेथेनमध्येही पुन्हा दोन जाती आहेत: साच्यात ओतून घट्ट होऊ दिलेलं आणि प्लॅस्टिकसारखं वितळवून दाबाने भरलेलं. दुसरी पद्धत वेगवान आणि स्वस्त. टायटलिस्टने २०२० मध्ये आणलेल्या टूर स्पीडला आणि स्रिक्सनच्या क्यू-स्टार टूरला हे दुसऱ्या पद्धतीचं आवरण आहे, आणि मधल्या किमतीचं रहस्य काही अंशी त्यातच आहे.

दुसरी फसगत 'सॉफ्ट' या शब्दाची. चेंडू किती दाबला जातो त्याला कॉम्प्रेशनचा आकडा देतात. कॅलवेचा सुपरसॉफ्ट चाळीसच्या आसपास, क्यू-स्टार टूर सत्तरच्या घरात, टायटलिस्टचा प्रो व्ही १एक्स शंभराच्या जवळ. यावरून क्लबांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो: स्विंग मंद असेल तर मऊ चेंडू घ्या, म्हणजे तो नीट दाबला जाईल आणि लांब जाईल. ऐकायला पटतं, पण खरं नाही. २०१९ मध्ये 'मायगोल्फस्पाय' या अमेरिकी प्रकाशनाने यंत्राच्या साहाय्याने बाजारातले पुष्कळ चेंडू मारून पाहिले, तेव्हा मऊ चेंडूंचा वेग कमी भरला. स्विंग वेगवान असताना तर ठळकपणे. मंद स्विंगवर तोटा कमी होतो, पण मऊपणामुळे अंतर वाढत नाही. हाताला मऊ लागणं ही आवडीची गोष्ट आहे, आणि आवड म्हणून मऊ चेंडू जरूर घ्यावा. अंतरासाठी म्हणून घेऊ नये, इतकंच.

चाचणीकडे वळू. हौशी माणूस बहुधा ती उलट्या बाजूने करतो: ड्रायव्हर काढतो, प्रत्येक चेंडू जीव खाऊन मारतो आणि जो सगळ्यात लांब दिसला तो डझनाने उचलतो. यात त्याची स्वतःची स्विंग दर फटक्याला इतकी बदलते, की चेंडूंमधला काही यार्डांचा फरक त्यात कुठल्या कुठे विरून जातो. चेंडू बनवणाऱ्यांचाही सल्ला असतो की ग्रीनपासून सुरुवात करून मागे मागे टीकडे जावं. ड्रायव्हर अठरा होलांत चौदाएक वेळा निघतो. ग्रीनच्या आसपासचे आणि ग्रीनवरचे फटके त्याहून कितीतरी जास्त.

आधी निवड तीनवर आणावी. दोन युरेथेनचे, एक आयोनोमरचा. हा तिसरा तुलनेसाठी. पूर्ण डझन घेऊ नये. तीन चेंडूंची लांबट पेटी मिळते, तिला स्लीव्ह म्हणतात; प्रत्येकाची एकेक घ्यावी. नऊ चेंडू झाले. प्रत्येक प्रकारावर वेगळ्या रंगाच्या मार्करने बारीक ठिपका द्यावा. सरावाच्या ग्रीनपासून पंचवीस-तीस यार्डांवर, गवत मध्यम असेल अशी जागा पाहावी आणि मित्राला किंवा कॅडीला नऊही चेंडू मिसळून, नाव आणि ठिपका खाली करून ठेवायला सांगावं. ही शेवटची सूचना गंमत म्हणून नाही. नाव दिसलं की हात बदलतो. महागड्या चेंडूला माणूस जपून मारतो, स्वस्ताला झोडतो, आणि दोष चेंडूला देतो.

मग एकच क्लब, समजा छप्पन अंशांचा वेज, आणि एकच छोटा फटका, म्हणजे चिप. चेंडू कुठे पडला हे पाहावं आणि तिथून कुठे थांबला हे पावलांनी मोजावं. नुसतं 'जवळ गेला, लांब गेला' याला अर्थ नाही, कारण ते फटक्यावर असतं. पडण्यापासून थांबण्यापर्यंतची पावलं चेंडूची असतात. युरेथेनचा चेंडू सहसा पहिला टप्पा पुढे घेतो, दुसऱ्या टप्प्याला कुणी शर्ट ओढावा तसा अडखळतो आणि दोन-चार पावलांत बसतो. आयोनोमरचा दुसऱ्या टप्प्यालाही त्याच चालीने पुढे निघतो आणि मग निवांत घरंगळतो. नऊ चेंडू तीन वेळा मारले की सत्तावीस आकडे होतात. मोबाइलमध्ये रंगाप्रमाणे लिहून ठेवले की घरी चहा पिता पिता चित्र दिसतं. यात एक खबरदारी: कमी घरंगळणारा तोच चांगला, असं धरून चालू नये. एखाद्याची सगळी शॉर्ट गेमच जमिनीलगत ढकलण्याची असते, सात नंबरच्या आयर्नने चेंडू पुढे लोळवण्याची. त्याला आयोनोमरचा अंदाज जास्त पक्का येऊ शकतो, आणि मग युरेथेनचे पैसे वाचले. महत्त्वाचं काय, तर एकाच प्रकारच्या नऊ आकड्यांत एकसारखेपणा किती आहे.

पटिंगला फार वेळ लागत नाही. वीस फुटांवरून दहा-बारा पट मारावेत आणि अंतर जमतं का पाहावं. एक लक्षात ठेवावं, की हाताला 'मऊ' वाटतं त्यातलं बरंचसं कानाला आलेलं असतं. टक् असा आवाज आला की कडक, थप् असा आला की मऊ. शंका असेल तर कानात कापूस घालून दोन पट मारून पाहावेत. करमणूक तरी होते.

पुढची पायरी खऱ्या ग्रीनवर, दीडशे यार्डांच्या आत, सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने. इथे उंची पाहावी आणि ग्रीनवर पडल्यानंतरची धाव पाहावी. वाऱ्याविरुद्ध एक फेरी, वाऱ्याबरोबर एक. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, प्रत्येकी पाच फटके, त्यातला सगळ्यात लांब आणि सगळ्यात वाईट सोडून द्यावा. जवळच्या शहरात लाँच मॉनिटर असलेलं सरावकेंद्र असेल तर उत्तमच, मात्र चेंडू स्वतःचे न्यावेत. रेंजवर मिळणारे चेंडू टिकाऊपणासाठी बनवलेले आणि हजारो फटके खाल्लेले असतात. त्यांच्यावरून कशाचाच निष्कर्ष निघत नाही.

कोर्सवर चाचणी घ्यायची तर आठवड्याच्या मधली दुपार बरी, मागे कुणी खोळंबलेलं नसताना. पहिले नऊ होल एका चेंडूने, पुढचे नऊ दुसऱ्याने. दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने. स्पर्धेच्या फेरीत हे प्रयोग करू नयेत. होल सुरू असताना सरावाचा फटका मारायला पाचव्या नियमाची मनाई आहे, आणि 'दोन्ही चेंडू मारून बघू' म्हणणं हा दंडाला दिलेला निमंत्रणाचा विडाच.

महाराष्ट्रात या सगळ्यात ऋतूचं एक प्रकरण असतं, ते परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. मे महिन्यात फेअरवे तापून कडक झालेले असतात, चेंडू पडून मनसोक्त धावतो, आणि ग्रीनवर मात्र थांबेनासा होतो. युरेथेनचे पैसे वसूल होतात ते या दिवसांत. जुलै-ऑगस्टमध्ये गणित फिरतं. जमीन भिजलेली, चेंडू पडल्या जागी रुततो, धाव शून्य. जे अंतर मिळायचं ते हवेतच. क्लब आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी आणि गवत आलं की सगळ्याच आवरणांची पकड ढिली होते. म्हणून ऐन पावसाळ्यात घेतलेल्या चिपच्या चाचणीवर वर्षाची खरेदी ठरवू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्यासाठी बरी. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने तिथे हवा किंचित विरळ, चेंडू मुंबईपेक्षा थोडा लांब जातो. चेंबूरच्या खेळाडूने लवळ्याच्या डोंगरातल्या ऑक्सफर्डच्या कोर्सवर नवा चेंडू मारला आणि 'दहा यार्ड वाढले' म्हणून हरखून गेला, तर त्यातले काही यार्ड सह्याद्रीच्या खात्यावर टाकावेत.

उन्हाचं आणखी एक. गरम रबर जास्त उसळतं, थंड कमी. हे कळल्यावर चेंडू मुद्दाम तापवून खेळण्याची कल्पना डोक्यात येणारे हुशार लोक असतात. चेंडूचे गुणधर्म बदलण्यासाठी तो तापवणं चौथ्या नियमात बसत नाही आणि शिक्षा थेट बाद होण्याची आहे. गाडीच्या डिकीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या डझनाचंही भलं होत नसतं. घरात, सावलीत ठेवावेत.

राहिला प्रश्न हरवण्याचा आणि सापडण्याचा. झाडीतून, तळ्यातून काढलेले चेंडू बहुतेक कोर्सच्या आसपास विकत मिळतात आणि नामवंत चेंडू चतुर्थांश भावात मिळाला की मोह होतो. सरावाला जरूर घ्यावेत. पण एका पिशवीत पाच कंपन्यांचे सात नमुने येतात आणि मग वर सांगितलेली सगळी मेहनत फुकट जाते. पुन्हा रंग देऊन, नवं बोधचिन्ह छापून नव्यासारखे केलेले चेंडू त्याहून धोक्याचे. खळग्यांत रंग भरला की उड्डाण बदलतं. हे तीनशे-चारशे खळगे शोभेचे नाहीत. गटापर्चाचे, म्हणजे झाडाच्या चिकाचे, जुन्या काळातले चेंडू गुळगुळीत असायचे आणि वापरून ठोके खाल्लेले चेंडू नव्यांपेक्षा सरळ जातात हे एकोणिसाव्या शतकातल्या खेळाडूंच्या ध्यानात आलं. म्हणून ते नवे चेंडूच हातोडीने टोचून घेऊ लागले. आजचा गुळगुळीत चेंडू खळगेवाल्याच्या निम्म्याच्या आसपासच जाईल.

स्वतःचा चेंडू कधी निवृत्त करावा, यालाही साधी कसोटी आहे. अंगठ्याचं नख पृष्ठभागावरून फिरवावं. आवरणाचा धागा सुटलेला लागला, किंवा नाण्याएवढा भाग खडबडीत झाला असेल, तर तो सरावाच्या पिशवीत. नव्या, धारदार खाचांच्या वेजने युरेथेन असं लवकर सोलवटतं; मधल्या किमतीच्या चेंडूंची ही एक खरी उणीव, आणि प्रकाराप्रकारात तिचं प्रमाण वेगळं असतं. म्हणून चिपच्या चाचणीनंतर नऊही चेंडू हातात घेऊन नीट न्याहाळावेत. नियमाप्रमाणे खराब झाला म्हणून होलच्या मध्ये चेंडू बदलायचा तर तो चिरलेला किंवा तडकलेला हवा. नुसता खरचटलेला असेल तर तो होल त्यानेच संपवावा लागतो.

हिशेब प्रत्येकाने आपापला मांडावा. मागच्या पाच फेऱ्यांत किती चेंडू गेले ते आठवून लिहावं, प्रामाणिकपणे. फेरीला तीन जात असतील तर डझन चार फेऱ्यांत संपतो. महिन्याला चार फेऱ्या खेळणाऱ्याचे वर्षाला बारा डझन. पंचावन्न आणि पस्तीस डॉलरच्या डझनांतला फरक मग वर्षाला दोनशे चाळीस डॉलर होतो. एवढ्यात चांगल्या प्रशिक्षकाचे काही तास सहज बसतात. फेरीला एखादाच चेंडू जात असेल आणि ग्रीनजवळचा प्रत्येक फटका मोजून मारता येत असेल, तर महागडा चेंडू घ्यायलाही हरकत नाही. त्याला तो परवडतो. फेरीला सहा जात असतील, तर युरेथेनही लांबच ठेवावं आणि आधी दोन थरांच्या चेंडूवर टी शॉट सरळ करावा.

एकदा ठरलं की तोच चेंडू किमान दहा फेऱ्या. कंपन्या साधारण दोन वर्षांनी नमुना बदलतात, तेव्हा मागचा नमुना सवलतीत निघतो. त्या वेळी तीन-चार डझन एकत्र घेऊन ठेवावेत. आर अँड ए आणि यूएसजीए या नियमकर्त्या संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्या अंतराची चाचणी कडक करण्याचं जाहीर केलं, त्यामुळे साठा करावा की नाही असं काहीजण विचारतात. हौशी खेळाडूंना हा बदल २०३० च्या आधी लागू होणार नाही, आणि झाला तरी त्यांचं अंतर पाच यार्डांहून जास्त घटणार नाही, असा त्या संस्थांचाच अंदाज आहे. तोवर घरातले चार डझन एखाद्या तळ्याने केव्हाच गिळलेले असतील.